हवा किती आहे, बॉस?

एक सोपा प्रश्न. उत्तर शोधायला गूगल उघडायचं नाही आणि उठून पार्किंगमध्येही जायचं नाही. तुमच्या टू-व्हीलरच्या मागच्या टायरमध्ये आत्ता किती हवा आहे?

मोबाइलची बॅटरी किती टक्के उरलीय, नेटपॅक कधी संपतोय, गाडी लिटरला किती ॲव्हरेज देते, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. हवेचा आकडा विचारला की मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतो. ‘असेल की! परवा अंगठ्याने दाबून बघितला, कडक होता,’ हे आपलं ठरलेलं उत्तर. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘आपली हवा’ किती आहे याची चर्चा तासन्‌तास चालते. ज्या हवेवर आपण रोज बसून येतो तिची चौकशी कुणीच करत नाही.

आजचा हा लेख त्या हवेबद्दल आहे. विषय गॅरेजचा वाटेल, पण तो थेट आपल्या जिवाशी येऊन भिडतो.

मोबाइलएवढी जागा

आधी एक छोटा हिशेब करू. स्कूटरचं वजन साधारण ११० किलो. वर तुम्ही आणि मागे मित्र, दोघांचे मिळून १२० किलो धरा. झाले २३० किलो. टायरमधल्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या आसपास असेल, तर तो एका चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो भार पेलतो. म्हणजे २३० किलो पेलण्यासाठी रस्त्याला टेकलेली जागा हवी सुमारे ११५ चौरस सेंटीमीटर. टायरच्या रबराचा स्वतःचा कडकपणाही थोडा भार घेतो, म्हणून हा हिशेब ढोबळच आहे. तरी अंदाज यायला पुरेसा आहे.

११५ चौरस सेंटीमीटर म्हणजे किती? तुमच्या हातातल्या मोबाइलएवढे. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही चाकं मिळून रस्त्याला धरून असतात ती एवढ्याशा जागेने. ब्रेक लागतो तो तिथे, वळण घेतलं जातं ते तिथे, पावसात घसरायचं की सावरायचं ते ठरतं तेही तिथेच. बाकी सगळी गाडी, म्हणजे इंजिन, एलईडी लाइट, मागे चिकटवलेला स्टिकर, त्या मोबाइलएवढ्या जागेच्या भरवशावर धावत असते.

आता गंमत अशी, की हा भार मुख्यतः रबर उचलत नाही. टायरच्या आत नायलॉन, पॉलिस्टर किंवा स्टीलच्या धाग्यांचे थर असतात. हवा आतून दाबते, धागे ताणले जातात आणि त्या ताणलेल्या धाग्यांवर गाडी पेलली जाते. रबर काय करतं? हवा आत धरून ठेवतं, धाग्यांना जागेवर ठेवतं आणि रस्त्यावर घासून पकड देतं. हवा कमी झाली की धागे सैल पडतात, टायर बसतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती वाकायला लागतात. सगळी गडबड इथून सुरू होते.

‘उन्हाळ्यात हवा कमीच ठेव’

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. घरी काका सांगतात, शेजारचे आजोबा सांगतात, कधी पंक्चर काढणारे दादाही सांगतात. ‘ऊन केवढं आहे! हवा गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो. दोन-चार पॉइंट कमीच ठेव.’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. ऐकायलाही पटतं, कारण हवा गरम झाली की दाब वाढतो हे आपण बारावीच्या फिजिक्समध्ये शिकलोय.

मग तेच फिजिक्स शेवटपर्यंत लावून बघू. सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. गाडी पळून पळून टायरमधली हवा २५ अंशांनी तापली. दाब किती होईल? सुमारे ३४. फक्त चार पीएसआयचा फरक. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा थंड टायरचा असतो, तो याचसाठी. त्यामुळे धडधाकट टायर फक्त या वाढीने फुटत नाही.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात का? फुटतात. पण कारण बरेचदा उलटं असतं. एक रबरबँड घ्या आणि भराभर ताणा-सोडा, ताणा-सोडा असं करा. नंतर ओठांना लावून बघा, कोमट लागेल. रबर वाकवायला लागलेली सगळी शक्ती ते परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून स्वतःकडे ठेवतं. टायरचंही तसंच. १० इंची चाकाची स्कूटर ताशी ६० किलोमीटरने पळते तेव्हा चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरतं. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १२ वेळा रस्त्यावर दाबला जातो आणि पुन्हा सरळ होतो. पुण्याहून लोणावळा साधारण ६५ किलोमीटर. तेवढ्या अंतरात प्रत्येक भाग जवळपास ४८ हजार वेळा वाकतो.

हवा बरोबर असेल तर हे वाकणं थोडं असतं आणि तयार झालेली उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात भिंत जास्त दुमडते, उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर पडायच्या आत पुढची भर पडते. खाली मे महिन्याचा तापलेला रस्ता, वर लांबचा प्रवास, मागे सामान. आतलं रबर धाग्यांपासून सुटायला लागतं आणि एका क्षणी टायर जातो. म्हणजे ज्या भीतीने आपण हवा कमी करतो, तेच संकट आपण हाताने जवळ आणतो. चालून तापलेल्या टायरमधून ‘दाब वाढला’ म्हणून हवा सोडणं हाही त्यातलाच प्रकार. टायर थंड झाला की ती सोडलेली हवा कमीच भरते.

याचा अर्थ दाबून हवा भरा असा नाही. जास्त हवा भरली तर रस्त्याला टेकणारी जागा लहान होते, पकड कमी होते, मधला भाग आधी झिजतो आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात पोहोचतो. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय, तेवढीच हवा. ऋतू कोणताही असो.

या हवेची गोष्ट

ही हवा चाकात भरायची कल्पना कुणाची? आपण लगेच डनलॉपचं नाव घेतो. पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. त्याचं वय होतं २३. हा लेख लिहिणारीपेक्षा फक्त एका वर्षाने मोठा! बाहेरून चामड्याचं कवच, आत रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी, अशी ती रचना. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाडीला ती चाकं लावून दाखवलीसुद्धा. गाडी आवाज न करता आणि कमी जोरात ओढली जात होती. पण चाकं महाग पडत होती, पातळ आणि चांगलं रबर मिळत नव्हतं. मुख्य म्हणजे ज्याला त्यांची खरी गरज होती ते वाहन अजून रस्त्यावर आलंच नव्हतं. कल्पना विसरली गेली.

ते वाहन म्हणजे सायकल. १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी खटपट करत होता. दगडी रस्त्यावर भरीव रबराची चाकं खडखडत होती. त्याने लाकडी चकतीवर हवेची नळी बसवली आणि ती तीनचाकीच्या साध्या चाकासोबत अंगणात घरंगळत सोडली. हवेचं चाक बरंच लांब गेलं. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १८८९ मध्ये बेलफास्टच्याच क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून शर्यतीत उतरला. लोक हसले. ह्यूमने शर्यती जिंकल्या आणि हसणं बंद झालं. म्हणजे हवेच्या टायरची पहिली खरी ‘हवा’ झाली ती एका कॉलेजच्या ग्राउंडवर.

पुढे डनलॉपला कळवण्यात आलं, की थॉमसनचं जुनं पेटंट असल्यामुळे त्याचं पेटंट ग्राह्य नाही. धंदा मात्र वाढत गेला. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंसमोर वेगळीच अडचण आली. तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायला तासन्‌तास आणि डिंक वाळायला रात्रभर. त्यांनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने तो लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. आज कोपऱ्यावरचे दादा काही मिनिटांत पंक्चर काढून देतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

त्यानंतरचे बदल थोडक्यात. सुरुवातीचे टायर पांढुरके होते. रबरात खास तयार केलेली काजळी मिसळली की ते कितीतरी जास्त टिकतं हे कळल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टायर काळे झाले. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आधीच्या टायरमध्ये धागे तिरके, एकमेकांना छेदत जायचे. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि वरून स्टीलचा पट्टा असतो. त्यामुळे टायर कमी तापतो आणि जास्त चालतो. त्याच काळात अमेरिकेत ट्यूबलेस टायर तयार झाला. ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला धरून बसतं आणि हवा हळूहळू जाते. तेवढ्या वेळात तुम्ही गाडी सावरून बाजूला घेऊ शकता.

पण या गोष्टीला एक काळी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. सायकल आणि मोटारींमुळे रबराची मागणी भडकली तेव्हा आफ्रिकेतला काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यात होता. तिथल्या लोकांना जंगलातून रबर गोळा करायचा कोटा ठरवून दिलेला असे. तो पुरा झाला नाही की फटके, ओलीस धरलेल्या बायका-मुलं, जाळलेली गावं. तोडलेल्या हातांची छायाचित्रं युरोपात पोहोचली तेव्हा आरडाओरडा झाला आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारकडे सोपवावा लागला. युरोपातल्या रस्त्यांवरचा प्रवास मऊ झाला, त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती.

टायर वाचायला शिका

आता पार्किंगमध्ये जा. टायरच्या बाजूला जे कोरलेलं असतं ते आपण कधी वाचतच नाही. समजा लिहिलंय ९०/१००-१० ५३जे. ९० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. १० म्हणजे रिम दहा इंची. ५३ हा वजनाचा कोड, त्याचा अर्थ हा टायर जास्तीत जास्त २०६ किलो पेलू शकतो. ‘जे’ म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर.

आता ट्रिपल सीटचा हिशेब करा. ११० किलोची स्कूटर आणि प्रत्येकी ६५ किलोचे तिघं. झाले ३०५. मागे दोघं बसल्यामुळे यातला दोन तृतीयांश भार मागच्या चाकावर आला, तरी तो दोनशेच्या वर जातो. म्हणजे टायर अगदी काठावर, तोही नवा असेल आणि हवा पूर्ण असेल तर. त्यात पाठीवर सॅक आणि समोर खड्डा. पोलीस दादांनी पकडलं तर पावती फाटेल एवढीच भीती आपल्याला असते. टायर पावती देत नाही.

दुसरी गोष्ट, चार आकड्यांचा कोड. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सेकंडहँड बाइक घेताना इंजिनाचा आवाज ऐकता ना, तसा हा कोडही बघा. उन्हात उभं राहून रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. गाडी कमी चालली म्हणून टायर तरुण राहत नाही.

तिसरी गोष्ट, नक्षी. कोरड्या रस्त्यावर खरं तर गुळगुळीत टायरच जास्त पकड देतो. फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर बिननक्षीच्या टायरवर पळतात. मग आपल्याला खाचा कशाला? पाण्यासाठी. पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी येतं, ते खाचांमधून बाहेर फेकलं जातं. टायर ‘गोटा’ झाला की पाण्याला वाट उरत नाही आणि तुमची ती मोबाइलएवढी जागा पाण्यावर तरंगायला लागते. त्या वेळी ब्रेक कितीही भारी असला तरी तो फक्त चाक थांबवतो, गाडी नाही. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत आली की टायर बदलायचाच. नियमानुसार दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर आणि कारच्या टायरवर १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी शिल्लक असावी लागते. पण तो काठावर पास होण्याचा आकडा आहे. आपल्याकडच्या जून-जुलैसाठी त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा.

आणि हो, नायट्रोजन. पैसे देऊन भरायचा की नाही? आपल्या साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्या थोड्या फरकाने तुमच्या कॉलेजच्या येण्याजाण्यात काही बिघडत नाही. वेळेवर भरलेली फुकटची हवा ही कधीतरी भरलेल्या नायट्रोजनपेक्षा चांगलीच.

मग करायचं काय?

कुणी म्हणेल, ‘रस्त्यांवर एवढे खड्डे आणि तुम्ही आम्हाला हवा चेक करायला सांगताय?’ प्रश्न योग्य आहे. खड्ड्यांवर बोललंच पाहिजे, फोटो टाकले पाहिजेत, नगरसेवकाला गाठून विचारलं पाहिजे. पण खड्डा बुजेपर्यंत त्याच रस्त्यावरून आपल्यालाच जायचंय. आणि हवा कमी असलेला टायर खड्ड्यात आपटला की रिमचा काठ आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटतो. ट्यूब फाटते नाहीतर आतले धागे तुटतात. रस्ता खराब असणं हे हवा तपासण्याचं आणखी एक कारण आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकू नये. कॉलेजं पार्किंगचे पैसे घेतात. त्या पैशातून पार्किंगमध्ये एक कॉम्प्रेसर आणि एक चांगलं गेज ठेवणं अवघड नाही. एनएसएसच्या शिबिरात रस्ता सुरक्षेची शपथ घेतली जाते. त्यासोबत प्रत्येकाने एकदा स्वतःच्या गाडीची हवा मोजून दाखवली तर ती शपथ लक्षात तरी राहील. लायसन्सच्या परीक्षेत चिन्हं ओळखायला लावतात, तसा टायर वाचायलाही लावा. आणि पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. ‘मशीन बंद आहे’ ही पाटी महिनोन्‌महिने लटकत असेल तर तक्रारवही मागा. बहुतेकदा वही बाहेर यायच्या आधी मशीन सुरू होतं.

आपल्याकडून लागतात दोन-तीन मिनिटं. गाडी फार न चालवता, टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा. लांबच्या राइडला निघायच्या आदल्या दिवशी नक्की. पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा. अनेक गाड्यांना डबल सीटसाठी मागच्या चाकात जास्त हवा सांगितलेली असते. गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या स्टिकरवर हे आकडे सापडतील. त्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. हवा भरून झाली की व्हॉल्व्हची टोपी लावायला विसरू नका, ती धूळ आणि पाणी आत जाऊ देत नाही.

या वीकेंडला पावसाळी ट्रेकचा किंवा घाटातल्या चहाचा प्लॅन असेल, तर ग्रुपवर ‘कोण कोण येतंय?’ या मेसेजखाली आणखी एक मेसेज टाका: हवा किती आहे? आणि सगळ्यांचे आकडे आल्याशिवाय निघू नका.